आधी चेहरा धर

४ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार, तब्येत वगैरे शेवटी विचारतो. आधी पोटातली मळमळ बाहेर काढतो, नाहीतर पत्र पुरं होणार नाही.

सोबत अकरा फोटो आहेत. तीन वेगवेगळ्या लॅबमधून छापून आणलेत, मागे पेन्सिलीनं लॅबचा आकडा टाकलाय. तुझ्या त्या लाडक्या खिडकीत धरून बघ आणि सांग, ही माणसं आहेत की पिकलेली केळी? माझ्या स्क्रीनवर हेच चेहरे इतके नितळ दिसतात की बघत राहावं. छापून आले की एकजात पिवळे. काल एक बाई मुलीचे फोटो काउंटरवर आपटून गेली. म्हणाली, "माझी मुलगी आजारी नाहीये. तुमचं मशीन आजारी असेल." मी नेहमीप्रमाणे लॅबवर खापर फोडलं. लॅबवाला म्हणतो, साहेब, फाइलच पिवळी आहे. त्याचं तोंड बघवत नाही मला. गालात सतत काहीतरी घोळवत असतो आणि ज्या बोटानं दात कोरतो त्याच बोटानं फोटो उचलतो.

खरं सांगू, या धंद्याचाच वीट आलाय. दिवसभर लोकांचे तीळ पुसायचे, हनुवट्या कापायच्या. परवा एकानं घरच्या सगळ्यांच्या फोटोतून सख्खा भाऊ काढून टाकायला लावला. काढला मी. वर विचारलं, भावाचा हात तुमच्या खांद्यावर आहे, तो ठेवू का काढू? तो म्हणाला, ठेवा, हात बरा दिसतोय. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पण या वेळचं काम वेगळं आहे म्हणून तुला लिहितोय. इथल्या मुलांच्या दवाखान्यानं एक पुस्तिका काढायला घेतली आहे. ज्या छोट्या दवाखान्यांत रक्त तपासायची सोय नाही, तिथल्या सिस्टरांसाठी. तान्ह्या बाळाला कावीळ आहे का, हे त्यांनी पुस्तिकेतल्या फोटोशेजारी बाळ धरून ठरवायचं. एक फोटो निरोगी बाळाचा, एक "उद्या परत आणा" असा, एक "आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात पाठवा" असा. सहा आठवडे वॉर्डात उभं राहून काढलेत मी हे फोटो, त्यातले काही या अकरांतही आहेत. मेच्या पहिल्या आठवड्यात पानं छापखान्यात गेली पाहिजेत. आयुष्यात एक काम असं हातून व्हावं, ज्याची लाज वाटणार नाही, एवढीच इच्छा आहे.

तू सव्वीस वर्षं लॅब चालवलीस. लॅबवाल्यांना कुठल्या भाषेत झापायचं ते कळव. फोन तू उचलत नाहीस म्हणून पोस्टानं.

आता तब्येत कशी आहे?

ढब्बू


१० फेब्रुवारी

ढब्बू,

मळमळ पोचली. फोटोही पोचले. सहा फोटोंच्या कोपऱ्यात आणि आणखी चार फोटोंच्या मधोमध तुझ्या अंगठ्याचे ठसे आहेत. अकरावा बहुधा तू पाकीट चिकटवायच्या घाईत धरायचा विसरलास. दुसऱ्याच्या बोटांबद्दल बोलणाऱ्यानं आपली धुवावीत.

फोन मी उचलत नाही कारण फोनवर आवाज येतो, रंग येत नाही. फोनमध्ये फोटो बघणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून आपला आरसा बघणं.

सकाळी साडेदहाला, उत्तरेच्या खिडकीत, खाली पांढरा कोरा कागद घालून बघितलं. तिन्ही लॅबचे फोटो पिवळे आहेत, आणि तिन्ही सारखेच पिवळे आहेत. जरा डोकं चालव. तीन माणसं तीन ठिकाणी बसून चुकली तर तीन तऱ्हांनी चुकतील. तिघंही एकाच मापानं चुकतात तेव्हा मापच वाकडं असतं, आणि ते माप तुझ्या टेबलावर आहे. तुझी स्क्रीन निळी झाली आहे. तुला सगळं निळसर दिसतं, म्हणून तू जिथे तिथे पिवळं घालतोस. तुझ्या स्क्रीनवर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि चेहरा नितळ दिसतो. छापताना तुझी स्क्रीन सोबत जात नाही, नुसतं पिवळं जातं. लॅबवाला खरं बोलतोय. दात कोरत का होईना.

त्या खोलीत दुसरं काय होणार? मागे आले होते तेव्हा बघितली आहे मी. तीन भिंती नारिंगी. पाठीमागे उघडी खिडकी, तिचा उजेड सरळ काचेवर. वर एक मिणमिणता पिवळा दिवा, शेजारी एक निळसर ट्यूब. स्क्रीनवर तुझ्या शिंकेचे थेंब वाळून बसले होते आणि त्यातल्या एकाला तू चेहऱ्यावरचा डाग समजून माझ्यादेखत पाच मिनिटं पुसत होतास. कीबोर्डच्या फटींत बिस्किटाचा चुरा, आणि त्या चुऱ्यात हालचाल. मला घरी येऊन अंघोळ करावी लागली.

आता कान उघडे ठेव. भिंतींना मळकट करडा रंग दे, चमकणारा नको. खिडकीला जाड पडदा लाव. एकच पांढरा दिवा, तोही काचेवर न पडणारा. स्क्रीन ओल्या मऊ फडक्यानं पूस. सुरू केल्यावर अर्धा तास तिला हात लावू नकोस, रंग स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतो. उजेड निम्म्यावर आण, तू तो डोळे दिपतील इतका ठेवतोस. आणि कॅलिब्रेटर आण. वाटीएवढं यंत्र असतं, काचेवर टांगायचं. एकामागून एक रंग स्क्रीनवर उमटतात, ते प्रत्येक मोजतं आणि स्क्रीनला सरळ करतं. त्याला डोळे नाहीत, म्हणून त्याला आवडनिवड नाही.

एक विचारते. आजपर्यंत तू स्क्रीनचे रंग लावलेस ते कशाच्या आधारानं?

बाळांच्या फोटोंतला चौथा बघ, मागे "निरोगी" लिहिलेला. तो पिवळा आहे. हा जर पुस्तिकेत गेला तर कुठल्याशा गावात एखादी सिस्टर काविळीचं बाळ त्याच्याशेजारी धरेल, दोन्ही सारखी दिसतील, आणि ती बाळाला घरी पाठवेल. हे तुझ्या लक्षात आलंय की मीच सांगायला हवं?

मावशी


१५ फेब्रुवारी

मावशी,

आलंय लक्षात. तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशी मोठ्या सिस्टर येऊन गेल्या. पुस्तिका त्यांच्याच डोक्यातून निघालेली आहे. त्याच चौथ्या फोटोची माझ्याकडची प्रत हातात घेतली, एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा फोटोकडे. म्हणाल्या, "हे बाळ मी घरी सोडणार नाही." मी म्हटलं, सिस्टर, हे निरोगी आहे, तुम्हीच वॉर्डात दाखवलंत. त्या म्हणाल्या, "वॉर्डात निरोगी होतं. तुमच्याकडे येऊन आजारी पडलं." आणि फोटो टेबलावर पालथा ठेवून गेल्या. मला स्वतःची शिसारी आली.

खोली साफ केली. स्क्रीनमागे काय काय सापडलं ते लिहीत नाही, तू जेवायच्या आधी पत्रं वाचतेस. एवढंच सांगतो की त्यातल्या एका गोष्टीला पाय होते आणि दुसऱ्या गोष्टीला कधीकाळी होते. भिंती करड्या झाल्या. आता खोलीत बसलं की शवागारात बसल्यासारखं वाटतं, पण तू सांगितलंस म्हणून.

मात्र स्क्रीनबद्दल तू चुकतेस. कॅलिब्रेटरची मला गरज नाही, कारण माझ्याकडे त्याहून पक्की खूण आहे. तू विचारलंस म्हणून सांगतो, आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आईचा फोटो. तो खिडकीजवळचा, मागे आपला निळा पडदा असलेला, तू काढलेला आणि तूच छापलेला. तू मला दिलास तेव्हापासून त्याला ऊन लागू दिलेलं नाही, काळ्या कागदात, डब्यात ठेवतो. त्याचं निगेटिव्हही माझ्याकडे आहे. नवी स्क्रीन आणली की मी पहिलं काम हे करतो: निगेटिव्ह स्कॅन करतो, काहीही न बदलता स्क्रीनवर लावतो, शेजारी फोटो धरतो आणि स्क्रीनची बटणं फिरवत राहतो, स्क्रीनवरची आई फोटोतल्या आईसारखी दिसेपर्यंत. प्रत्येक वेळी पिवळं खूप कमी करावं लागतं. चार स्क्रीन झाल्या, चारही याच वाटेनं गेल्या. मला वाटायचं, हल्लीच्या स्क्रीन मुळातच पिवळट येतात.

तूच शिकवलंस ना हे? दप्तर तुझ्या लॅबमध्ये टाकून बसायचो तेव्हा शंभरदा ऐकलंय. आधी चेहरा धर. चेहरा जमला की बाकीचं चाललं तर चाललं. आणि मी पाच वर्षांचा असताना गेलेल्या बाईचा चेहरा धरायला माझ्याकडे तेवढा एकच फोटो आहे. तो सव्वीस वर्षं लॅब चालवलेल्या माणसानं छापलाय. तो चुकीचा असेल तर जगात काहीच बरोबर नाही.

तेव्हा दोष लॅबमध्येच कुठेतरी असणार. कागद? शाई? विचार करून लिही.

ढब्बू


२१ फेब्रुवारी

ढब्बू,

जरा बरं नव्हतं, म्हणून उशीर.

त्या फोटोवरून स्क्रीन लावू नकोस. जुना कागद आहे, तेहतीस वर्षांत रंग उडतात. डब्यात ठेवले तरी उडतात. तो खुणेला धरण्यासारखा नाही.

कॅलिब्रेटर आण. दवाखान्याकडून मागून आण, उसना आण, पण आण. आणि तो फोटो परत डब्यात ठेव.

भिंती करड्या केल्यास ते बरं केलंस.

मावशी


१ मार्च

मावशी,

तुझं पत्र इतकं लहान मी आजवर बघितलेलं नाही. माझं बारसं झालं त्या दिवशीच्या तारेतसुद्धा जास्त शब्द असतील. तुला बरं नव्हतं म्हणून सोडून दिलं. पण डोक्यातून जाईना, म्हणून एकेक गोष्ट तपासली आणि आता विचारतोय.

रंग उडतात म्हणालीस. फोटो मी तुझ्याच दुसऱ्या फोटोंशेजारी ठेवून बघितला, त्याच वर्षी, त्याच कागदावर छापलेल्या. बाबांचा आहे, तुझ्या लॅबच्या मालकांचा आहे. कुठलाच उडालेला नाही. घरात खोटं बोलणं तुला सगळ्यांत कमी जमायचं असं बाबा म्हणायचे, ते खरं आहे.

कॅलिब्रेटर आणला. छापखान्याच्या माणसाकडून दोन दिवसांसाठी. अर्धा तास स्क्रीन तापवली, यंत्र काचेवर टांगलं. वीस मिनिटं लाल, हिरवे, करडे चौकोन येत-जात राहिले. मग स्क्रीन एकदम बदलली. माझी आठ वर्षांची कामं उघडत गेलो आणि प्रत्येक चेहरा पिवळा. शाळेत जाणारी पोरं, नव्वदीची म्हातारी, तो भाऊ काढून टाकलेला माणूस, आणि त्याच्या खांद्यावरचा तो हात. मी सगळ्यांना आजारी करून ठेवलंय, आणि आठ वर्षं लॅबवाल्यांच्या नावानं बोटं मोडली. त्या दात कोरणाऱ्याच्या पाया पडायला हवं, पण तेवढा मोठा मी नाही.

मग आईचं निगेटिव्ह लावलं.

पहिल्यांदा वाटलं, निगेटिव्ह खराब झालंय. तू ते कुठेतरी ओलीत ठेवलं असशील म्हणून तुझ्यावर चिडलोसुद्धा. पण मग मागे बघितलं. पडदा पांढरा आहे. नीट पांढरा, कापडाच्या घडीत जरा राखाडी सावली. निळा नाही. खिडकीची चौकट पांढरी. टेबलावरचा कागद पांढरा. निगेटिव्ह खराब झालं असतं तर सगळंच पिवळं झालं असतं. इथे आई तेवढी पिवळी आहे. चेहरा, गळा, हात. आणि डोळ्यांत जिथे पांढरं असायला हवं, तिथे.

सहा आठवडे मी अशीच बाळं बघितली आहेत. मला ओळखायला मिनिट लागलं नाही.

आता मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. तापाबिपाचं सांगू नकोस. आपला पडदा कुठल्या रंगाचा होता?


७ मार्च

ढब्बू,

पांढरा होता. मीच शिवला होता.

तेहतीस वर्षं हे पत्र मनात लिहिलं आणि दर वेळी मधूनच सोडून दिलं. आज टाकते आहे. तुला वाचताना जे वाटेल ते वाटू दे.

तो रविवार होता. मी नुकतीच मालकांच्या लॅबमध्ये छपाईला लागले होते, हातात नवा कॅमेरा होता, घरातलं जे दिसेल त्याचा फोटो काढत होते. ताईला म्हटलं, खिडकीत बस. ती म्हणाली, दमलेय गं, उद्या काढ. पण बसली. त्या दिवसांत ती सारखीच दमायची. खाण्यावर वासना नव्हती. आम्ही म्हणायचो, लेकरामागे धावून थकते. घरात सगळीकडे पिवळे दिवे होते, त्या उजेडात सगळेच सारखे दिसायचे. आणि रोज बघणाऱ्याला रोजचा फरक दिसत नाही.

मंगळवारी मी फोटो छापायला घेतला. पहिली चाचणीची पट्टी आली ती पिवळी. चेहरा बघून मी नाक मुरडलं. म्हटलं, आज रसायनं बिघडलीत वाटतं. नाहीतर कागदाचा गठ्ठा जुना लागला. पडदा पांढरा आला होता, ढब्बू. माझ्या डोळ्यांसमोर होता तो पडदा, स्वच्छ पांढरा. मी त्याच्याकडे बघितलं आणि तरीही म्हटलं, कागदच वाईट. कारण मला शिकवलं होतं, आधी चेहरा धर. माणूस फोटोत आपलं तोंड बघतो, पडदा कोण बघतो? त्या कामात फोटोतलं पिवळं काढायचं तर यंत्रात पिवळी काच वाढवावी लागायची, सगळं उलटं. मी वाढवली. पाच अंश. मग दहा. मग वीस. चौथ्या पट्टीला ताई छान दिसायला लागली आणि पडदा निळा झाला. मी स्वतःवर खूश झाले. मालकांना दाखवलं. ते म्हणाले, हात बसला पोरीचा.

तिचा आजार माझ्या हातात आला होता. घरात कुणाच्या हातात आला नव्हता, तो माझ्या हातात, ओल्या कागदावर, चिमट्यात धरलेला होता. आणि मी तो चार पट्ट्यांत धुऊन काढला.

याच्या पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही, तुझ्या बाबांनाही नाही. फोटो घरी नेला. सगळ्यांना आवडला. त्या आठवड्यात तुझे बाबा तिला म्हणत होते, एकदा दवाखान्यात जाऊन ये. ती तो फोटो हातात घेऊन हसली आणि म्हणाली, "बघा की, ठणठणीत दिसतेय मी. उगाच कशाला?" आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हिच्या फोटोला विचारा." मीसुद्धा हसले.

तीन आठवड्यांनी नेली. डॉक्टरांनी तिच्या डोळ्यांची खालची पापणी ओढली आणि आमच्याकडे वळून विचारलं, इतके दिवस कुणाला दिसलं नाही? मला उत्तर येत होतं. पंधरा दिवस आधी आणायला हवं होतं, असं ते म्हणाले. नवव्या दिवशी गेली.

त्यानंतर मी लॅबमधून आले की आधी हात घासायचे. हातांना रसायनांचा आंबूस वास यायचा, तो घासून जायचा नाही, आणि त्याच हातांनी मी तुला जेवू घालायचे. तरी सव्वीस वर्षं तेच काम केलं. लोक यायचे, म्हणायचे, जरा उजळ करा, जरा गाल भरा. मी करून द्यायचे आणि आतल्या आत त्यांचा आणि माझा तिटकारा करायचे. तुला धंद्याची किळस येते म्हणतोस ना, ती माझ्याकडून आली असेल.

आणि सगळ्यात घाण गोष्ट ही, की तो फोटो मी तुझ्या हातात दिला. आईची आठवण म्हणून. फाडून टाकायला हवा होता. तो घेऊन तू आठ वर्षं बटणं फिरवत बसलास, आणि आता त्याच मापानं बाळांचे फोटो छापायला निघाला होतास. मी एकदा केलं ते तू पुस्तिकाभर करणार होतास. म्हणून मागच्या पत्रात खोटं बोलले. खोटं बोलून काम भागेल असं वाटलं.

उत्तर लिहिलंच पाहिजे असं नाही. बाळांचे फोटो मात्र नीट कर.

मावशी


२४ एप्रिल

मावशी,

दीड महिना लिहिलं नाही. लिहायला बसलो की तुझ्या पत्राचा वास यायचा. कागदाला कसलाच वास नव्हता, मला माहीत आहे, तरी यायचा.

खरं ते सांगतो, कारण तूही सांगितलंस. मला तुझी किळस आली. तुझ्या हातचं जेवलो त्याची आली. फोटो डब्यातून काढला, फाडायला घेतला, आणि फाडला नाही. फाडून तुझं काही बिघडलं नसतं. मग माझ्या स्वतःच्या बोटांची आली. तू नवखी होतीस, एका मंगळवारी केलंस. मी जाणता असून चार स्क्रीनवर केलं. निगेटिव्ह दर वेळी मला सांगत होतं, बाई पिवळी आहे. मी दर वेळी स्क्रीनचं तोंड बंद केलं. पडदा निळा होत जायचा, तो बघून मला आनंद व्हायचा की जमलं, अगदी घरच्यासारखा झाला.

कॅलिब्रेटर शेवटी स्वतःचा घेतला. आता दर सोमवारी सकाळी स्क्रीन मोजतो. बाळांचे सगळे फोटो पुन्हा पहिल्यापासून केले. चौथ्या फोटोतलं बाळ आता मोठ्या सिस्टर घरी सोडायला तयार आहेत.

त्या गेल्या गुरुवारी दुपारी शेवटची पानं तपासायला आल्या होत्या. मी पाणी आणायला आत गेलो होतो. स्क्रीनवर आईचा फोटो उघडा राहिला होता, सरळ केलेल्या स्क्रीनवरचा, काही न काढलेला. हल्ली तो उघडाच असतो. परत आलो तर सिस्टर उभ्या होत्या, पर्स खांद्यालाच होती, बसल्याही नव्हत्या. स्क्रीनकडे बोट करून म्हणाल्या, "या कोण? यांना दवाखान्यात दाखवलं का? आज दाखवा. उद्यावर टाकू नका."

मी पेला हातात घेऊन उभा राहिलो. म्हटलं, सिस्टर, फोटो तेहतीस वर्षांपूर्वीचा आहे. माझी आई आहे.

त्या खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, पुस्तिकेत नववं पान बाळाच्या आईसाठी ठेवलंय. बाळ तपासताना आईकडेही बघा, तिचे डोळे बघा, असं लिहिलंय, पण फोटो मिळत नव्हता. आजारी बायका फोटो काढू देत नाहीत. हा द्याल का?

मी हो म्हणालो. तुला न विचारता म्हणालो, ते बरोबर केलं की नाही माहीत नाही.

आता तुझ्याकडे काम आहे. माफीबिफीचं मला अजून काही कळत नाही, ते बाजूला ठेव. स्क्रीन सरळ झाली, पण निगेटिव्ह जुनं आहे. यंत्र स्क्रीन मोजतं, तो रविवार मोजू शकत नाही. आई त्या दिवशी नेमकी किती पिवळी होती हे मला माहीत नाही, बाबा असते तरी त्यांना सांगता आलं नसतं. ती पहिली पट्टी बघितलेली जगात तू एकटी आहेस.

सोबत आईच्या त्याच फोटोच्या तीन पट्ट्या आहेत, प्रत्येकीत पिवळं कमीजास्त. एक, दोन, तीन, मागे आकडे टाकलेत. बोटं धुऊन धरल्या आहेत. खिडकीत बघ आणि कुठली ते कळव. पानं चार मेला जातात.

ढब्बू


२८ एप्रिल

ढब्बू,

साडेदहाला खिडकीत बसले. पट्ट्या बघायला बारा वाजले, कारण पहिला दीड तास पाकीटच उघडवेना.

एक नंबरची चांगली दिसते. ती नको. दोनमध्ये ताई नुसती दमलेली वाटते, आम्हालाही तेव्हा तसंच वाटलं होतं. तीन नंबरची पट्टी बाहेर काढली आणि मला मंगळवार दिसला.

तीन. हाच रंग होता. यातलं काही काढू नकोस.

मावशी